अमेरिकेचं शुल्क, दिल्लीची माफी आणि चोपड्याचा कापूस

तापीकाठ | ९ नोव्हेंबर २०२५

गणेश चतुर्थीला आपल्याकडे कापूस खरेदीचा मुहूर्त करायची पद्धत आहे. काट्याची पूजा होते, पहिल्या गाडीपुढे नारळ फुटतो, थोड्या मालाला चढा भाव दिला जातो. यंदा चतुर्थी २७ ऑगस्टला आली आणि नेमक्या त्याच दिवशी भारतीय मालावर अमेरिकेचं ५० टक्के आयातशुल्क लागू झालं. ७ ऑगस्टपासून २५ टक्के होतंच, रशियाचं तेल घेता म्हणून दंडाचे आणखी २५ त्यावर बसले. दुसऱ्याच दिवशी दिल्लीने कापसाच्या आयातीवरची शुल्कमाफी ३० सप्टेंबरवरून ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली.

या दोन बातम्या आपण वेगवेगळ्या वाचल्या. त्या एकच आहेत, हे मांडण्यासाठी हा चर्चेचा धागा काढतोय.

साखळी अशी. आपल्या तयार कपड्यांचं सर्वात मोठं गिऱ्हाईक अमेरिका. शुल्क ५० टक्क्यांवर गेल्यावर तामिळनाडूतल्या तिरुपूरसारख्या कपड्यांच्या कारखान्यांच्या ठिकाणच्या ऑर्डरी अडकल्या, कारण व्हिएतनाम आणि बांगलादेशच्या कपड्यांवर त्याच्या निम्म्याहूनही कमी शुल्क होतं. कारखानदार सरकारकडे गेले. विक्री वाढवून देणं दिल्लीच्या हातात नव्हतं, खर्च कमी करून देणं होतं. कापसावर २०२१ च्या अर्थसंकल्पापासून एकूण ११ टक्के आयातशुल्क होतं. २०२२ मध्ये ते काही महिने माफ झालं होतं, यंदा १९ ऑगस्टपासून पुन्हा माफ झालं. ब्राझील, अमेरिका, ऑस्ट्रेलियाची रुई बिनशुल्क येऊ लागली, तेव्हा आपल्या शेतात बोंडं फुटायची होती. २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव लांब धाग्याला ८,११० आणि मध्यम धाग्याला ७,७१० रुपये क्विंटल. खेडा खरेदीत, म्हणजे गावात येऊन घेताना, व्यापारी काय भाव देतोय ते इथल्या प्रत्येकाला माहीत आहे, मी आकडा लिहीत नाही.

७ ऑगस्टला दिल्लीत स्वामिनाथन शताब्दी परिषदेत पंतप्रधान म्हणाले होते की शेतकरी, पशुपालक आणि मच्छीमार यांच्या हिताशी तडजोड करणार नाही, त्यासाठी व्यक्तिशः मोठी किंमत मोजावी लागली तरी तयारी आहे. बारा दिवसांनी कापसाचं शुल्क गेलं. हे मी कुणाला खोटं पाडायला लिहीत नाही. त्या खुर्चीत कुणीही असता तरी त्याच्यापुढे हीच दोन माणसं उभी असती. तिरुपूरचा शिवणकामगार म्हणतो माझं काम वाचवा आणि आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याचा कापूसवाला म्हणतो माझा भाव वाचवा. जून महिन्यात या दोघांचं एकमेकांशी काही भांडण नव्हतं. तिसऱ्या देशातल्या एका सहीनं ते लावून दिलं.

मला मुख्य म्हणजे हेच सांगायचं आहे. परक्या देशानं लावलेलं शुल्क सीमेवर थांबत नाही. ते आत येऊन आपल्याच दोन समाजांना, दोन राज्यांना, दोन मतदारसंघांना समोरासमोर आणतं. म्हणून त्याचा धोका निव्वळ आर्थिक नाही, राजकीय आहे.

राजकीय जोखीम हा शब्द एरवी बँका आणि विमा कंपन्या वापरतात. पैसा गुंतवलेल्या देशात सत्तापालट झाला, कायदा बदलला, मालमत्ता सरकारजमा झाली तर काय, असा त्याचा अर्थ. पूर्वी हा प्रश्न अस्थिर देशांबद्दल विचारला जायचा. आता तो वॉशिंग्टनबद्दल विचारावा लागतो. पाऊस किती पडेल याचा काही अंदाज तरी बांधता येतो, गुलाबी बोंडअळीवर कामगंध सापळे लावता येतात. पण रशियाचं तेल सर्वात जास्त घेणाऱ्या चीनला तो दंड नव्हता आणि आपल्याला होता, यावर कोणता सापळा लावायचा? ब्राझीलवर ५० टक्के शुल्क लावताना तर माजी राष्ट्राध्यक्ष बोल्सोनारो यांच्यावरचा खटला हे कारण उघडपणे दिलं गेलं. गेल्याच महिन्यात कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतानं अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या १९८७ च्या भाषणातली वाक्यं घेऊन शुल्काविरोधी जाहिरात केली, तर कॅनडाशी बोलणी थांबवून वर आणखी १० टक्क्यांची घोषणा झाली. एका जाहिरातीवरून! ज्या दराला हिशेब नाही त्याची तजवीज कुणी करू शकत नाही, ना अमेरिकन आयातदार, ना तिरुपूरचा कारखाना, ना आपण.

ज्याच्यावर शुल्क बसतं तो देशही गप्प राहत नाही. तो उलट शुल्क लावतो आणि जागा बघून लावतो. २०१८ मध्ये अमेरिकेनं पोलाद-ॲल्युमिनियमवर शुल्क बसवलं तेव्हा युरोपनं निवडून काय धरलं, तर केंटकीची बर्बन दारू आणि विस्कॉन्सिनच्या हार्ले मोटारसायकली. सिनेटमधले सत्ताधारी नेते केंटकीचे, खालच्या सभागृहाचे अध्यक्ष विस्कॉन्सिनचे. चीननं सोयाबीन धरलं, कारण सोयाबीन पिकवणारी राज्यं ट्रम्प यांच्या मतांची. दोन वर्षांत अमेरिकन सरकारला शेतकऱ्यांसाठी सुमारे २८ अब्ज डॉलरची मदत जाहीर करावी लागली आणि चीनची मागणी ब्राझीलकडे वळली. आपणही २०१९ च्या जूनमध्ये बदाम, अक्रोड, सफरचंद, हरभरा, मसूर धरून अमेरिकेच्या २८ वस्तूंवर जादा शुल्क लावलं होतं. ते उठायला २०२३ उजाडलं.

आणि निवडणुका? यंदा २८ एप्रिलला कॅनडात मतदान झालं. वर्षारंभी विरोधी कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष जनमत चाचण्यांत खूप पुढे होता. शुल्काची धमकी आणि कॅनडा म्हणजे अमेरिकेचं "५१ वं राज्य" ही भाषा सुरू झाली आणि वारं फिरलं. कार्नी यांचा लिबरल पक्ष जिंकला, विरोधी नेते पॉइलिव्हर स्वतःच्या मतदारसंघात पडले. एका देशाच्या शुल्कानं शेजारच्या देशाचं सरकार ठरवलं.

कापूस, केळी, डाळ, कांदा यातलं ज्यांच्या हातात जे असेल त्यांनी आपापला अनुभव लिहावा.

---

रावेरकर

भाऊ, धागा चांगला. केळीवाल्याच्या बाजूनं थोडं.

कापूस घरात भरून ठेवता येतो. गंजी लावा, वाट बघा, संक्रांतीनंतर विका. केळीला ती सोय नाही. घड उतरला की दिवस मोजायचे. आमचा निर्यातीचा माल कंटेनरनं आखाती देशांकडे जातो आणि तिकडची एखादी वाट बंद झाली की तो माल आठवडाभरात इथल्याच बाजारात उलटा येतो. मग ज्यानं कधी निर्यात केली नाही त्याचाही भाव पडतो.

केळीवाल्यांनी फिलिपिन्सचं उदाहरण लक्षात ठेवावं. २०१२ साली दक्षिण चीन समुद्रात स्कारबरो शोल नावाच्या खडकांवरून चीन आणि फिलिपिन्सचा वाद पेटला. चीननं शुल्क वगैरे काही लावलं नाही. केळीत कीड सापडली म्हणाले आणि कंटेनर बंदरात थांबवले. माल तिथंच सडला. भांडण नौदलांचं होतं आणि नुकसान फिलिपिन्सच्या मिंदानाओ बेटावरच्या बागायतदाराचं झालं, ज्यानं तो खडक पाहिलाही नसेल. त्यामुळे धोका मोजताना नुसते शुल्काचे दर बघू नका. तपासणी, प्रमाणपत्र, बंदरातली रांग, ही सगळी तीच हत्यारं आहेत.

---

साक्रीचा_कांदेवाला

आमच्यावर तर परक्यानं नाही, आपल्याच सरकारनं बंदी घातली होती. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क, ८ डिसेंबरला थेट निर्यातबंदी. उठवली ४ मे २०२४ ला, तीही ५५० डॉलर टनाची किमान किंमत आणि ४० टक्के शुल्क ठेवून. शेवटचं २० टक्के शुल्क जायला १ एप्रिल २०२५ उजाडला.

मे २०२४ मध्ये मतदान झालं. दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री पडल्या. आमच्या धुळ्यातही खासदार बदलला, ३,८३१ मतांनी. कांद्यानं फटका दिला हे निकालानंतर सत्ताधारी नेत्यांनीच बोलून दाखवलं.

---

पुण्यातला_धुळेकर

साक्रीकर, दिंडोरीचं मान्य. धुळ्याचा निकाल मात्र मालेगाव मध्य या विधानसभा क्षेत्रातल्या एकगठ्ठा आघाडीनं फिरला, हे आकडे पाहिले की दिसतं. कांदा होता, पण एकटा कांदा नव्हता.

मूळ धाग्याबद्दल माझा आक्षेप मोठा आहे. तापीकाठ भाऊ, तुम्ही अमेरिकेच्या संरक्षणवादावर लिहिता आणि त्याच दमात कापसावरचं आपलं ११ टक्के शुल्क गेलं म्हणून दुःख करता. ते ११ टक्के म्हणजेही संरक्षणवादच होता! आपला तो शेतकऱ्याचा आधार आणि त्यांची ती दंडेली, असं कसं चालेल?

दुसरं. ज्या खान्देशात फैजपूरचं काँग्रेस अधिवेशन झालं, जिथं साने गुरुजी अमळनेरला शिकवत होते आणि गिरणी कामगारांसाठी उभे राहिले, तिथं स्वदेशीला एकदम धोका म्हणणं मला पटत नाही. इंग्रजांनी १८९६ मध्ये लँकेशायरच्या, म्हणजे मँचेस्टरकडच्या गिरणीमालकांच्या, समाधानासाठी आपल्या गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसवला. मुक्त व्यापाराच्या नावाखालीच ना? दुबळ्या देशाला भिंत लागतेच.

---

दाळमिल_एमआयडीसी

माझी जळगावला डाळमिल आहे, वडिलांपासूनची. शुल्क शून्य झालं की आम्हाला कच्चा माल स्वस्त मिळतो, वाढलं की शेतकऱ्याला बरं वाटतं. म्हणजे या भांडणात मी नेहमी मधेच असतो. तरी सांगतो, शुल्क जास्त की कमी यापेक्षा ते कधी बदलेल हे माहीत नसणं आमच्या धंद्याला जास्त मारक आहे.

पिवळा वाटाणा घ्या. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्यावर ५० टक्के शुल्क बसलं. डिसेंबर २०२३ मध्ये शून्यावर आणलं आणि त्या शून्याची मुदत पुनःपुन्हा वाढवत नेली. आता १ नोव्हेंबर २०२५ पासून पुन्हा ३० टक्के. मधे बोटीवर असलेल्या मालाचं काय, केलेल्या सौद्याचं काय, हे प्रत्येक वेळी अधिसूचना वाचून कळतं.

आता हेच कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतातून बघा. तिथला शेतकरी वाटाणा पिकवतो तो भारत आणि चीन या दोन गिऱ्हाइकांच्या भरवशावर. कॅनडानं चिनी विजेवरच्या मोटारींवर १०० टक्के शुल्क लावलं, तर चीननं उत्तर म्हणून मार्च २०२५ मध्ये कॅनडाच्या वाटाण्यावर १०० टक्के बसवलं. मोटार कारखाने ओंटारिओचे, वाटाणा सस्कॅचेवानचा. दोन प्रांतांत कायमची तेढ. तुम्ही तिरुपूर आणि चोपड्याचं लिहिलंत ते वाचताना मला हेच आठवलं. चीननं दार लावलं त्याच वर्षात भारतानंही ३० टक्के लावले.

आणि तूर. २०१६ मध्ये डाळीनं हाहाकार केला तेव्हा आपण मोझांबिकशी करार केला: तुम्ही पिकवा, आम्ही घेऊ, पहिल्या वर्षी एक लाख टन आणि पुढे वाढवत दोन लाख. तिकडे लोकांनी तूर पेरली. २०१६-१७ मध्ये आपल्याच देशात विक्रमी तूर आली, ५,०५० चा हमीभाव असून इथला शेतकरी मिळेल त्या भावात देत होता. ऑगस्ट २०१७ मध्ये आपण आयातीवर मर्यादा घातली. करारातला कोटा वगळला होता, पण बाजार एवढ्या बारकाव्यानं चालत नाही. मोझांबिकमध्ये तुरीचे भाव कोसळले. तिथला छोटा शेतकरी तूर स्वतः फारशी खात नाही, ती आपल्यासाठीच पेरलेली होती. जे आज अमेरिकेनं आपल्याला केलं ते आपणही कुणाला केलं आहे, हे या धाग्यात नोंदलं गेलं पाहिजे.

---

तोरणमाळ

दाळमिल भाऊ, शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला. असं इथं कुणी लिहीत नाही. धन्यवाद.

---

तापीकाठ

धुळेकर दादा, आक्षेप रास्त आहे आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवं.

प्रत्येक शुल्क वाईट असं मी म्हणत नाही. अमेरिकन कापूस उत्पादकाला त्याच्या सरकारचं मोठं अनुदान असतं. ब्राझीलनं यावरून जागतिक व्यापार संघटनेत दावा केला आणि जिंकला, अमेरिकेनं २०१४ मध्ये ३० कोटी डॉलर देऊन तो मिटवला. माली, बुर्किना फासो, बेनिन, चाड हे चार गरीब कापूस-देश २००३ पासून हेच रडगाणं सांगताहेत. अशा मालापुढे जामनेर किंवा पारोळ्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याला ११ टक्क्यांचा आडोसा असणं मला न्याय्य वाटतं.

पण तो आडोसा कसा होता ते बघा. दर ठरलेला, करारातल्या सवलती सोडल्या तर सर्व देशांना सारखा, अर्थसंकल्पात जाहीर, संसदेत मंजूर. शेतकऱ्यानं जूनमध्ये बियाण्याची पाकिटं घेतली ती तो धरून. ब्राझीलच्या व्यापाऱ्यालाही तो माहीत होता. ५० टक्क्यांचं शुल्क कसं आलं? आणीबाणीच्या अधिकारांचा १९७७ चा कायदा काढून, काँग्रेसला म्हणजे अमेरिकेच्या संसदेला न विचारता, एका देशाला एक आणि दुसऱ्याला दुसरा दर. हा अधिकार राष्ट्राध्यक्षांना आहे की नाही यावर याच आठवड्यात, ५ नोव्हेंबरला, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात सुनावणी झाली. निकाल विरुद्ध गेला तरी मोडलेल्या ऑर्डरी परत येणार नाहीत.

आणि दाद मागायला जागा उरलेली नाही. ब्राझीलला जिनिव्हात, म्हणजे व्यापार संघटनेच्या मुख्यालयात, न्याय मिळाला तो काळ वेगळा. जागतिक व्यापार संघटनेचं अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासून बंद पडलंय, कारण अमेरिकेनं नव्या सदस्यांच्या नेमणुका अडवल्या. आता तिथं हरणारा देश अपील करतो आणि ते अपील ऐकायला कुणी नसतं. न्यायालय बंद असलेल्या गावात ज्याच्याकडे माणसं जास्त त्याचंच शेत मोठं होतं.

धुळेकर, १८९६ च्या कराबद्दल तुम्ही लिहिलंत ते माझ्याच बाजूचं आहे. तो करही आपल्याला न विचारता, दूरच्या एका मतदारसंघाच्या समाधानासाठी बसला होता. मँचेस्टरचा मतदार आणि ओहायोचा मतदार, दोघांनाही खान्देश कुठे आहे ते माहीत नाही. आपल्याला त्यांच्या निवडणुकीत मत नाही, पण तिचा खर्च आपल्यावर येतो.

---

अमळनेरची_शिक्षिका

मी इतिहास शिकवते. चर्चा १९३० कडे वळायला हवी होती, ती वळवते. खान्देशच्या कापसाचा त्यात थेट संबंध आहे आणि तो पाठ्यपुस्तकात नाही.

आधी अमेरिका. १७ जून १९३० ला राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांनी स्मूट-हॉली कायद्यावर सही केली. करू नका म्हणून १,०२८ अर्थतज्ज्ञांनी निवेदन दिलं होतं. सुरुवात झाली होती अमेरिकन शेतकऱ्याला मदत म्हणून. सिनेटर स्मूट युटाचे, बीटपासून साखर करणाऱ्या राज्याचे. मग प्रत्येक खासदारानं आपापल्या मतदारसंघाची वस्तू यादीत घातली. त्याच जुलैत कॅनडात निवडणूक झाली. अमेरिकेला जशास तसं उत्तर देऊ म्हणणारे बेनेट जिंकले आणि मॅकेन्झी किंग हरले. तापीकाठ भाऊंनी यंदाच्या कॅनडाचं लिहिलंय, ९५ वर्षांपूर्वीही तोच देश आणि तेच कारण होतं. १९२९ ते १९३४ या काळात जगाचा व्यापार किमतीत सुमारे दोन तृतीयांशानं घटला. सगळा दोष त्या कायद्याचा नाही, महामंदी होती. पण मंदीतून सावरायची वाट भिंतींनी अडवली. स्मूट आणि हॉली दोघेही १९३२ मध्ये आपल्या जागा गमावून बसले.

आता आपल्याकडे. १९३२ मध्ये ओटावा इथं ब्रिटिश साम्राज्यातल्या देशांनी आपसात सवलती आणि बाहेरच्यांना भिंत असं ठरवलं. जपानी कापड भारतात फार स्वस्त येत होतं. सरकारनं जून १९३३ मध्ये ब्रिटिशेतर सुती कापडावरचं शुल्क ७५ टक्क्यांवर नेलं. जपाननं उत्तर काय दिलं असेल? तिथल्या सूतगिरण्यांनी भारतीय कापसावर बहिष्कार टाकला.

हा घाव सरळ आपल्यावर होता. आखूड धाग्याचा कापूस लँकेशायरला नको असायचा, तो जपानच्या गिरण्याच मोठ्या प्रमाणावर घेत आणि आपल्या भागात तसाच कापूस पिकत होता. म्हणजे मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांना आणि त्याहून जास्त लँकेशायरला वाचवण्यासाठी शुल्क लागलं, आणि गिऱ्हाईक गेलं कापूस पिकवणाऱ्याचं. आज तिरुपूर आणि चोपडा, तेव्हा मँचेस्टर, मुंबई आणि खान्देश-वऱ्हाड.

मग सिमल्याला बोलणी झाली आणि १९३४ चा भारत-जपान करार झाला. त्याची रचना मला वर्गात सांगताना नेहमी आवडते. जपाननं वर्षाला १० लाख गाठी भारतीय कापूस घेतला तर त्याला ३२.५ कोटी वार कापड इथं विकता येईल. १५ लाख गाठी घेतल्या तर ४० कोटी वार. शुल्क ५० टक्क्यांवर आलं. कापडाचा कोटा कापसाच्या खरेदीला बांधला! शेतकरी त्या टेबलावर बसलेला नव्हता, पण त्याचा माल होता.

याची काळी बाजूही सांगते. मांचुरियावर जपाननं १९३१ मध्ये हल्ला केला, म्हणजे ओटावाच्या आधी, त्यामुळे युद्धाचं सगळं खापर शुल्कावर फोडता येत नाही. पण जगाचे बाजार बंद होत आहेत, आता कच्चा माल आणि गिऱ्हाईक दोन्ही तलवारीनंच मिळवायचं, हा तिथल्या लष्करी गटाचा युक्तिवाद प्रत्येक नव्या भिंतीनं बळकट होत गेला. व्यापारावर श्रद्धा असलेल्या जपानी नेत्यांकडे दाखवायला काही उरलं नाही. राजकीय जोखीम म्हणतात ती शेवटी इथपर्यंत जाते.

---

पुण्यातला_धुळेकर

ताई, सिमल्याच्या कराराचं मला अजिबात माहीत नव्हतं. कोटा कापसाला बांधला ही कल्पना आजही वापरता येईल. बांगलादेशशी का नाही? ते आपलं सूत आणि कापूस घेतात, आपण त्यांचे तयार कपडे.

---

साक्रीचा_कांदेवाला

बांगलादेशचं नाव काढलंच आहे तर सांगतो. सप्टेंबर २०१९ मध्ये आपण एकाएकी कांदा बंद केला. शेख हसीना पुढच्याच महिन्यात दिल्लीत आल्या आणि जाहीर कार्यक्रमात म्हणाल्या, मी स्वयंपाक्याला कांदा वापरू नको सांगितलंय, पुढच्या वेळी आधी कळवत जा. सगळे हसले. २०२० च्या सप्टेंबरमध्ये आपण पुन्हा न कळवता बंद केला. तेव्हापासून त्यांनी आपला कांदा वाढवायला घेतला, आणि भाव पडला की आता तेच आपला कांदा थांबवतात. कापसाचंही तसंच होईल. एकदा गिऱ्हाइकाचा विश्वास उडाला की पाच टक्के स्वस्त देऊनही तो येत नाही.

---

तापीकाठ

धुळेकर दादा, बांगलादेशबाबत या वर्षी झालं ते उलट्या दिशेचं आहे. एप्रिलमध्ये आपण त्यांची भारतामार्गे माल पाठवायची सवलत काढली. त्यांनी त्याच महिन्यात आपलं सूत जमिनीच्या नाक्यांवरून घेणं थांबवलं. मे महिन्यात आपण त्यांचे तयार कपडे जमिनीवरून बंद केले, आता न्हावा-शेवा आणि कोलकाता बंदरांतूनच येऊ देतो. ढाक्यातल्या २०२४ च्या सत्तापालटानंतर दोन्हीकडे राजकीय राग आहे आणि तो सूत-कापसावर निघतोय.

पाकिस्तानचं तर याहून विचित्र. ३१ मार्च २०२१ ला त्यांच्या आर्थिक समितीनं भारताकडून कापूस आणि साखर घ्यायला मंजुरी दिली, कारण त्यांच्या गिरण्यांना रुई हवी होती. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या मंत्रिमंडळानं ती फिरवली. एक दिवस! काश्मीरच्या प्रश्नापुढे फैसलाबादच्या गिरणीमालकाची मागणी टिकली नाही.

---

तोरणमाळ

सगळं समजलं. पण आते काय करानं भाऊ? दिवाळी झाली, मजुरी द्यायची आहे, घरात कापूस पडला आहे. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) केंद्रावर न्यावा की थांबावं?

---

रावेरकर

तोरणमाळ भाऊ, हमीभावात द्यायचा असेल तर आधी कपास किसान ॲपवर नोंदणी बघा, ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाईलवर पिकाची नोंद, झाली नसेल तर अडचण येते. आणि ओलावा बघून न्या. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यावर कपात, १२ च्या पुढे घेतच नाहीत. यंदाच्या परतीच्या पावसात भिजलेला असेल तर उन्हात पसरवा, घाई करू नका.

---

दाळमिल_एमआयडीसी

माझी सूचना. ३१ डिसेंबर २०२५ ला कापसाच्या शुल्कमाफीची मुदत संपते. तोपर्यंत सगळे गप्प राहतील आणि मग शेवटच्या दोन दिवसांत अधिसूचना येईल. त्याआधी काही मागायचं असेल तर शुल्क किती असावं यावर भांडू नका, त्यात मी आणि शेतकरी कधीच एक होणार नाही. मागणी शुल्क कधी जाहीर करायचं याबद्दल करा. पिकाचं आयातशुल्क पेरणीच्या आधी, मे अखेरीला जाहीर करावं आणि वेचणी संपेपर्यंत बदलू नये. बदलायची वेळ आलीच तर त्या हंगामाच्या शेतकऱ्याला भावातला फरक द्यावा. यावर मी सही करतो, आणि आमच्यातले आणखी मिलवालेही करतील असं वाटतं.

---

अमळनेरची_शिक्षिका

फरक देण्याचा मुद्दा ठळक करा. अमेरिकेनं २०१८-१९ मध्ये आपल्या सोयाबीनवाल्यांना व्यापारयुद्धातल्या नुकसानीपोटी मदत दिली. आपल्याकडे शुल्कमाफीच्या अधिसूचनेत शेतकरी हा शब्द कुठेच येत नाही.

---

तापीकाठ

ठीक आहे. दोन मागण्या धरून पत्राचा मसुदा रविवारपर्यंत इथंच टाकतो: पेरणीआधी जाहीर झालेलं शुल्क हंगामभर कायम, आणि ते मोडलं तर हमीभावातला फरक थेट खात्यावर. कडधान्याचा परिच्छेद दाळमिल भाऊंनी लिहावा, मोझांबिकसह. कांद्याचा साक्रीकरांनी, त्यात निर्यातबंदीच्या पूर्वसूचनेची मुदत किती हवी ते स्पष्ट सांगा. ताई, सिमल्याच्या कराराच्या पाच-सहा ओळी तुमच्याकडून हव्यात. पत्र जळगाव, रावेर, धुळे आणि नंदुरबार या चारही खासदारांना जाईल, पक्ष न बघता. बँकेचा हप्ता, जिनिंगची पावती असं काही जोडायचं असेल तर नाव आणि नंबर खोडूनच टाका.